दारूखाना आणि दवाखाना

किल्ल्यांवर हिंडणाऱ्या माणसाला 'दारूकोठार' ही पाटी परिचयाची असते आणि त्या पाटीपाशी होणारा विनोदही. पहिल्यांदाच गडावर आलेला कोणी तरुण पाटी वाचून हसतो, गडावर दारूचे कोठार कशाला होते असे विचारतो आणि मग बरोबरचा जाणकार त्याला ही प्यायची दारू नव्हे, तोफेची, असे समजावून सांगतो. इथवर सारे ठीक असते. पण हल्ली हा संवाद इथे थांबत नाही. एक जण म्हणतो की हा शब्दच परक्यांचा, तो पाटीवर असणेच चुकीचे. तिथे 'अग्निचूर्ण' लिहावे, कारण आपल्या पूर्वजांना ही विद्या अवगत होती आणि शुक्राचार्यांच्या नावावरच्या शुक्रनीती या राजनीतीच्या ग्रंथात तिची कृतीसुद्धा दिली आहे. दुसरा म्हणतो की शब्द फारसी आहे याचाच अर्थ वस्तू बाहेरची; तोफ तुर्की, बंदूक अरबी, काडतूस फिरंग्यांचे, मग यात आपले म्हणावे असे उरले काय? वाद रंगतो, दोन्ही बाजूंना माना डोलावणारे मिळतात आणि ज्या शब्दावरून तो सुरू झाला त्या शब्दाचा मुळात अर्थ काय, हे मात्र कोणीच विचारत नाही.

माझे म्हणणे असे की हे दोघे एकमेकांशी भांडत असले, तरी एकाच चुकीच्या पायावर उभे आहेत. शब्दाचे कूळ कळले की वस्तूचे कूळ कळले, हे दोघांनीही न तपासता मान्य केले आहे. फरक इतकाच की एकाला ते कूळ नकोसे वाटते म्हणून तो शब्दच बदलू पाहतो आणि दुसऱ्याला ते सोयीचे वाटते म्हणून तो शब्द पुराव्यासारखा पुढे करतो. 'दारू' मराठीत फारसीतून आली, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र तेवढ्यावरून ही स्फोटक भुकटी इराणात जन्मली असे ठरत नाही, शिवकाळातल्या मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द परका होता असेही ठरत नाही आणि त्याच्या जागी संस्कृत शब्द बसवला म्हणजे इतिहास हजार वर्षे मागे सरकतो असे तर मुळीच नाही. शब्दाला साक्षीला उभे करायचेच असेल, तर त्याचे गाव विचारून भागणार नाही, त्याचा अर्थ विचारावा लागेल. तो विचारला की या शब्दाची साक्ष दोन्ही पक्षांच्या अपेक्षेपेक्षा फार लांबवर पोहोचते.

फारसीत 'दारू' म्हणजे औषध. इस्लामपूर्व काळातल्या पहलवीत हा शब्द 'दारूग' अशा रूपात आढळतो आणि आजही इराणात औषधांच्या दुकानाला 'दारूखाने' असेच म्हणतात. म्हणजे तेहरानमध्ये डोके दुखू लागले तर माणूस दारूखान्याची वाट विचारतो. मराठीतही हा अर्थ पुरता मेलेला नाही. 'पुष्कळ दवादारू केली, पण गुण आला नाही' असे म्हणणाऱ्याच्या मनात मद्य नसते. 'बाजारहाट' किंवा 'धनदौलत' या जोडशब्दांत जसे दोन भाषांतले समानार्थी शब्द शेजारी शेजारी बसले आहेत, तसेच 'दवादारू'त अरबी 'दवा' आणि फारसी 'दारू' एकाच अर्थाने नांदत आहेत. गुरू नानकांच्या 'आसा दी वार'मध्ये दुःख हीच दारू आणि सुख हा रोग असे म्हटले आहे, तिथेही दारू म्हणजे औषधच. मद्याचा अर्थ याच औषधातून निघाला. पिणाऱ्याने आपल्या पेल्याला औषध म्हणावे ही युक्ती इतकी मानवी आहे की तिचे वेगळे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही.

प्रश्न उरतो तो तोफेच्या भुकटीचा. जी वस्तू माणसे मारते तिला औषध म्हणावे, हे कोणाला सुचले? इथे चीनकडे पाहावे लागते. चिनी भाषेत या मिश्रणाला 'हुओ याओ' म्हणतात. 'हुओ' म्हणजे अग्नी आणि 'याओ' म्हणजे औषध. हे नाव अलंकारिक नाही, अगदी शब्दशः खरे आहे. सोरा हा क्षार आणि गंधक ही दोन्ही द्रव्ये चिनी वैद्यकात औषधे म्हणून वापरात होती आणि दीर्घायुष्य देणारे रसायन शोधणारे ताओपंथी किमयागार ती एकमेकांत मिसळून तापवत होते. नवव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या एका ताओपंथी ग्रंथात इशारा दिलेला आहे की काहींनी गंधक, मनशीळ आणि सोरा मधात कालवून तापवले तेव्हा ज्वाळा उठून त्यांचे हातचेहरे भाजले आणि घरही जळाले. आपल्याकडच्या वैद्याला यातला मध ओळखीचा वाटेल. ते अनुपान आहे. मृत्यूवर औषध शोधता शोधता हाती लागलेले हे मिश्रण पुढे सैन्यात गेले, १०४४ साली सिद्ध झालेल्या 'वूजिंग झोंगयाओ' या लष्करी ग्रंथात त्याच्या कृती नोंदल्या गेल्या, पण नाव वैद्याच्या फळीवरचेच राहिले.

हे नाव, किंवा अधिक नेमके बोलायचे तर नावाचा हा अर्थ, पश्चिमेकडे सरकताना दिसतो. इब्न अल-बैतार हा तेराव्या शतकातला वनौषधींचा मोठा जाणकार. १२४८ साली दमास्कसला त्याचे निधन झाले. औषधी द्रव्यांच्या आपल्या ग्रंथात तो एका क्षाराची नोंद करतो, त्याला 'चीनचे बर्फ' म्हणतात असे सांगतो आणि मगरिबातले, म्हणजे वायव्य आफ्रिकेतले, लोक त्यालाच 'बारूद' म्हणतात असेही सांगतो. म्हणजे हिंदीत आज ज्याने तोफेची दारू कळते तो 'बारूद' हा शब्द आधी निव्वळ सोऱ्याचा वाचक होता आणि तोही औषधांच्या ग्रंथात सापडतो. फारसीत सोऱ्याला 'चिनी मीठ' म्हणत. तेराव्या शतकाच्या अखेरीस सीरियात हसन अल-रम्माहने युद्धकलेवर ग्रंथ लिहिला. त्या काळच्या अरबी युद्धग्रंथांत या मिश्रणासाठी 'दवा' हा शब्द येतो. अरबांनी 'दवा' म्हटले, इराण्यांनी 'दारू' म्हटले, आपण दोन्ही शब्द घेतले आणि त्यांच्यात कामाची वाटणी करून टाकली. दवाखाना आणि दारूखाना या दोन्ही शब्दांचा अक्षरार्थ एकच, औषधाचे घर. पण एकात माणूस बरा होण्यासाठी जातो आणि दुसऱ्याच्या आसपास चिलीम पेटवायलाही बंदी असते.

हा सारा प्रवास फारसीपुरता असता, तरी एक मनोरंजक व्युत्पत्ती म्हणून तो सांगून मोकळे होता आले असते. पण खरी गोष्ट दक्षिणेत आहे. कन्नडमध्ये 'मद्दु' म्हणजे औषध आणि 'मद्दु' म्हणजे बंदुकीची दारू. तमिळमध्ये औषधाला 'मरुंदु' म्हणतात आणि तोफेच्या दारूला 'वेडिमरुंदु', म्हणजे स्फोटाचे औषध; मल्याळममध्ये तोच शब्द 'वेडिमरुन्नु' असा आहे. तेलुगूत तर 'मंदु' या एका शब्दात औषध, मद्य आणि बंदुकीची दारू हे तिन्ही अर्थ एकत्र राहतात आणि दारूगोळ्याला 'मंदुगुंडु' म्हणतात, ज्यात 'मंदु' म्हणजे औषध आणि 'गुंडु' म्हणजे गोळा. आपला 'दारूगोळा' आणि त्यांचा 'मंदुगुंडु' यांत एकही शब्द सामाईक नाही. अर्थ मात्र जोडानुजोड तोच आहे. समुद्रापलीकडे मलय भाषेत बंदुकीच्या दारूला 'उबात बडिल' म्हणजे बंदुकीचे औषध म्हणतात, व्हिएतनामी भाषेत 'थुओक सुंग' म्हणजे पुन्हा बंदुकीचे औषधच आणि कोरिया व जपान या दोन्ही देशांनी चिनी शब्द आपल्या उच्चारात जसाच्या तसा घेतला. फारसी, द्राविडी, मलय, व्हिएतनामी ही एकमेकांशी नाते नसलेली भाषाकुळे. त्या सर्वांनी या भुकटीला औषध म्हणावे, याचा अर्थ काय लावायचा?

इथे घाई करण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. डचमध्ये बंदुकीच्या दारूला 'क्रॉइट' म्हणतात आणि तो शब्द वनस्पती, मसाला, औषधी पाला या अर्थाच्या शब्दाचेच रूप आहे. स्वीडिश आणि डॅनिशमध्येही तीच धातुकथा आहे आणि जुन्या जर्मनमध्ये दारू आणि शिसे या जोडीला 'क्राउट उंट लोट' म्हणत. युरोपातल्या या भाषांनीही चीनचा शब्द भाषांतरित केला, असे म्हणण्यास मला धीर होत नाही. तीन द्रव्ये तराजूत तोलून, खलात कुटून, वस्त्रगाळ करून, ठरलेल्या प्रमाणात मिसळण्याची क्रिया ज्याने कोणी पाहिली त्याला औषधी आठवावी, हे स्वाभाविक आहे. ही आठवण दोन ठिकाणी स्वतंत्रपणेही झाली असू शकेल. म्हणून दाव्याची मर्यादा आखून घेऊ. 'औषध' हे नाव सर्वत्र चीनमधूनच गेले असे सिद्ध होत नाही. पण चीनपासून कर्नाटकापर्यंत ही वस्तू ज्यांच्या हातून गेली त्या लोकांनी तिच्याकडे वैद्याच्या किंवा किमयागाराच्या नजरेने पाहिले, एवढे खात्रीने म्हणता येते. आणि तेवढेच म्हटले तरी 'हा शब्द आमचा की त्यांचा' हा प्रश्न किती लहान आहे ते कळते.

आता दुसऱ्या पक्षाच्या, म्हणजे 'शब्द बाहेरचा म्हणून वस्तू बाहेरची' म्हणणाऱ्यांच्या सर्वांत भक्कम मुद्द्याकडे वळतो. ते म्हणतील की एकटा दारू हा शब्द सोडा, सगळी फळीच पाहा. तोफ तुर्की. बंदूक अरबी, तीही मुळात एका कवचीच्या फळाचे नाव, मग त्या आकाराच्या गोळीचे, मग गोळी उडवणाऱ्या हत्याराचे. काडतूस आणि पिस्तूल पोर्तुगीजांकडून. गोलंदाजातला 'अंदाज' फारसी, म्हणजे फेकणारा. आज तो चेंडू फेकतो ही गोष्ट निराळी. एखाद्या व्यवसायाची सगळी परिभाषाच बाहेरची असेल, तर तो व्यवसाय बाहेरच्या माणसांकडून शिकला गेला, हा निष्कर्ष अगदीच चुकीचा कसा म्हणायचा? तो चुकीचा नाही, हे मी मान्य करतो. बाबराने १५२६ मध्ये आग्र्यात उस्ताद अली कुलीकडून मोठी तोफ ओतवून घेतली, त्याच्या आत्मवृत्तात तोफेतल्या दारू भरायच्या पोकळीला 'दारूखाना' हाच शब्द आहे. तोफा ओतणारे, त्या चालवणारे, त्यांची तंत्रे जाणणारे लोक फारसी आणि तुर्की बोलत होते आणि शब्द त्यांच्याबरोबर आले.

पण यावरून सिद्ध काय होते? शब्द शेवटच्या दुकानदाराचे नाव सांगतो, शेतकऱ्याचे नाही. बटाटा हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. म्हणून बटाटा पोर्तुगालचा होत नाही, तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. उलट मिरचीचे उदाहरण घ्या. मिरचीही अमेरिकेतून आली, तीही पोर्तुगीजांच्याच जहाजांतून, पण तिला आपण घरचे नाव दिले. मिऱ्यासारखी तिखट म्हणून मिरची, आणि मिरे म्हणजे संस्कृत मरिच. केवळ नावावर विसंबणारा माणूस बटाट्याला युरोपीय ठरवील आणि मिरचीला वैदिक. तोफखान्याच्या परिभाषेतही अशी एक मिरची आहे, आणि ती म्हणजे 'बाण'. मराठ्यांच्या आणि म्हैसूरच्या फौजांतला बाण म्हणजे धनुष्यातून सुटणारा शर नव्हे. नळीत दारू ठासून, मागून बत्ती देऊन सोडायचे अग्निबाण म्हणजे बाण, ज्यांना आज आपण रॉकेट म्हणतो. १७८० साली पोल्लिलूरच्या लढाईत म्हैसूरकरांच्या अशाच माऱ्यात इंग्रजांच्या दारूच्या गाड्या उडाल्या. शब्द अस्सल संस्कृत, वस्तू सर्वस्वी नवी. मग 'बाण' शब्दावरून या अस्त्राचे वय ठरवायचे का?

याच ठिकाणी पहिल्या पक्षाचा युक्तिवाद तपासला पाहिजे, कारण तो नेमकी हीच चूक उलट बाजूने करतो. त्यांच्या हातातला सर्वांत मोठा पुरावा शुक्रनीती, आणि तो पुरावा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या ग्रंथात 'अग्निचूर्ण' हा शब्द आहे, लहानमोठ्या 'नालिकां'चे वर्णन आहे, आणि पाच पल सुवर्चि क्षार, म्हणजे सोरा, एक पल गंधक, एक पल कोळसा अशी कृती आहे. कोळसा रुई, शेर अशा वनस्पतींचा, धूर कोंडून केलेला. ही कृती चालण्याजोगी आहे, किंबहुना उत्तम आहे. आणि तीच तिची अडचण आहे. पाच-एक-एक या हिशेबात सोऱ्याचा वाटा शेकडा ७१ च्या वर जातो, म्हणजे युरोपात कित्येक पिढ्यांच्या प्रयोगांनंतर स्थिरावलेल्या ७५-१५-१० या प्रमाणाच्या अगदी जवळ. चीनमधल्या १०४४ च्या कृतींत सोरा निम्म्याच्या आसपास आहे, कारण तेव्हा ही विद्या बाल्यात होती. जी विद्या कुठेही चाचपडताना दिसत नाही, जिच्या चुका, अर्धवट प्रयोग, भाजलेले हात कोणत्याही ग्रंथात नाहीत, ती एकाच ग्रंथात अचानक पूर्ण वयात येऊन उभी राहते, तेव्हा तो ग्रंथ, निदान त्याचा तेवढा भाग, उशिराचा आहे असे मानणे अधिक सयुक्तिक नाही का? शुक्रनीतीचा आज मिळणारा पाठ फार अर्वाचीन असल्याचे लल्लनजी गोपाल यांनी १९६२ साली सविस्तर मांडले. त्यांनी काढलेला काळ, म्हणजे एकोणिसावे शतक, सर्वांना मान्य नाही. पण या पाठाला प्राचीन म्हणणाऱ्याने आधी त्यांच्या मुद्द्यांची उत्तरे दिली पाहिजेत.

अशी शंका घेणे म्हणजे परकीयांची री ओढणे, असा आरोप इथे हमखास होतो. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. प्राचीन हिंदूंकडे बंदुकीची दारू होती, हा दावा जोमाने मांडणारे आरंभीचे लोक युरोपीयच होते. १७७६ साली हॅलहेड या इंग्रजाने हिंदू कायद्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले त्याच्या प्रस्तावनेत तो आहे, आणि शुक्रनीतीचा आधार देऊन १८८० साली तो पुन्हा मांडला मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले जर्मन प्राध्यापक गुस्ताव ओपर्ट यांनी. उलट त्यावर रसायनशास्त्रज्ञाच्या नजरेने बोट ठेवले ते प्रफुल्लचंद्र राय यांनी, ज्यांच्या देशाभिमानाबद्दल कोणी शंका घेऊ नये. हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिताना त्यांनी शुक्रनीतीतला हा भाग मागाहून घुसवलेला असावा असे म्हटले, आणि जुन्या संस्कृत ग्रंथांत सोऱ्याला निश्चित असे स्वतंत्र नाव नाही हेही दाखवले. मुद्द्याचा गाभा इथे आहे. आग लावणारी द्रव्ये सगळ्याच प्राचीन संस्कृतींना ठाऊक होती. मनूने पेटत्या टोकाचे बाण निषिद्ध ठरवले आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या तेराव्या अधिकरणात शत्रूच्या दुर्गात आग लावण्याचे 'अग्नियोग' आहेत. त्यांत राळ आहे, लाख आहे, गुग्गुळ आहे, गाढवाउंटांच्या लेंड्याही आहेत. सोरा नाही. आणि सोऱ्याशिवाय आग लागते, तोफ उडत नाही. जुन्या ग्रंथांतल्या शतघ्नी या अस्त्राला तोफ म्हणणाऱ्यांनी अर्थशास्त्रच पाहावे. तिथे ती चल यंत्रांत मोडते, आणि टीकाकार तिचे वर्णन तटावर ठेवलेला, खिळ्यांनी जडवलेला अजस्र स्तंभ असे करतात.

कौटिल्याच्या त्या यादीत देवदारूचे लाकूडही आहे, आणि त्यामुळे या वादातली एक लहानशी पण चिवट कल्पना आठवते: 'दारू' हा शब्द संस्कृत 'दारु' म्हणजे लाकूड यावरूनच आला, लाकडाचा कोळसा, कोळशाची दारू. कल्पना चतुर आहे. तिच्यात सत्याचा अंशही आहे, कारण फारसीत 'दार' म्हणजे झाड, औषधवाचक 'दारू' बहुधा त्याच्याशीच जोडलेला, आणि फारसी 'दार' व संस्कृत 'दारु' हे एकाच प्राचीन मुळाचे दोन फाटे. झाडपाल्याचे ते औषध, हा संबंध सहज पटतो. तेव्हा हवे तर असे म्हणा की आपल्याकडे आली ती परकी नव्हती, चुलत घरातली होती. पण ती आली चुलत घरातूनच. संस्कृत 'दारु' नपुंसकलिंगी आणि ऱ्हस्वान्त; मराठी 'दारू' स्त्रीलिंगी, दीर्घान्त, आणि अर्थ लाकडावरून नव्हे तर औषधावरून आलेला, ज्याची खूण 'दवादारू'त शिल्लक आहे. कोळशापासून निघालेल्या शब्दाने मद्याच्या अर्थापर्यंत कोणत्या वाटेने जायचे?

शब्दच बदलावा म्हणणाऱ्यांचा आणखी एक आधार आहे, आणि तो मला सर्वांत आदरणीय वाटतो: खुद्द शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, राजभाषेतले यावनी शब्द दूर सारून त्यांच्या जागी संस्कृत शब्द सुचवले, आणि त्या कोशात शस्त्रांचा स्वतंत्र वर्ग होता. हे खरे आहे, आणि त्यामागची राजकीय दृष्टी असामान्य होती हेही खरे. पण त्या दृष्टीचे पुढे काय झाले, तेही त्याच राज्याच्या कागदांत पाहावे. १७१५ च्या सुमाराचे, रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून ओळखले जाणारे आज्ञापत्र किल्ल्यांच्या प्रकरणात सांगते की दारूखाना घरांजवळ असू नये, सदरेपासून दूर बांधावा, त्यात तळघर करावे, दारूचे बस्ते आणि मडकी माचावर ठेवावीत, सर्दी लागू देऊ नये, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू, बाण, होके बाहेर काढून ऊन देऊन पुन्हा मोहोर करून ठेवावे. यात 'दारूखाना' आहे, 'हवालदार' आहे. लिहिणारा स्वराज्याचा अमात्य आहे. ओल लागलेली दारू युद्धात पेटत नाही, ही काळजी त्याला आहे; शब्दाच्या कुळाची नाही. ही त्याची बेफिकिरी की शहाणपण? इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजून दाखवले की सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून शंभरएक वर्षांत मराठी कागदांतले फारसीचे प्रमाण झपाट्याने उतरले. त्या ओहोटीत दरबारी नखऱ्याचे शेकडो शब्द वाहून गेले, आणि दारू टिकली. कारण ती कारकुनाच्या लेखणीत नव्हती, गडकऱ्याच्या आणि गोलंदाजाच्या तोंडात होती.

शिवाय शुद्धीची ही चाळण हातात घेतली की ती कुठे थांबवायची, हा प्रश्न आहेच. 'सुरुंग' हा शब्द कोणाला खटकत नाही, कारण अर्थशास्त्रात 'सुरुङ्गा' आहे. पण तो संस्कृतात ग्रीकमधून, नळी या अर्थाच्या शब्दावरून आला असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. मग सुरुंग ठेवायचा आणि त्यात भरायची दारू काढून टाकायची? आणि तिच्या जागी जो 'अग्निचूर्ण' आणायचा, तो तरी काय सांगतो? चूर्ण म्हणजे त्रिफळ्याचे असते ते, हिंग्वाष्टकाचे असते ते. ज्याने कोणी हा शब्द घडवला, त्यानेही ही भुकटी वैद्याच्याच खलातून काढली. 'हुओ याओ'चे याहून चोख भाषांतर करता येणार नाही. फारसी औषध नको म्हणून संस्कृत औषध आणायचे, असा हा खटाटोप आहे.

एका आक्षेपापुढे मात्र मी माघार घेतो. कायद्यात, शास्त्रात, सरकारी लेखनात 'स्फोटक' हाच शब्द हवा. त्याचे कारण शुद्धता नाही, अचूकता आहे. १८८४ चा स्फोटकांचा कायदा किंवा १९०८ चा स्फोटक पदार्थांचा कायदा ज्या वस्तूंना लागू होतो त्यांतल्या बहुतेक वस्तू दारू नाहीत. दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे काळे मिश्रण. ते मोकळ्यावर भसकन जळते, कोंडले तरच फोडते. नोबेलने १८६७ साली पेटंट घेतलेला डायनामाइट किंवा आरडीएक्स यांची जात वेगळी आहे, त्यांचा स्फोट कोंडण्याची वाट पाहत नाही. त्यांना दारू म्हणणे चूक होईल. पण याचा व्यत्यासही तितकाच खरा आहे: गडावरच्या कोठारात जे होते ते दारूच होते, आणि तिथे 'स्फोटक भांडार' लिहिणे ही आधुनिक सफाई आहे, जुन्या वस्तूवर चढवलेली.

या सफाईची गंमत अशी की कवींनी ती नेहमीच केली आहे, आणि निरागसपणे केली आहे. भारतातल्या आतषबाजीचा इतिहास शोधताना पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी सोळाव्या शतकातल्या एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवराकडे लक्ष वेधले. तिथे कृष्णाच्या लग्नात शोभेची दारू उडते. याचा अर्थ द्वापरयुगात दारूकाम होते असा कोणी घेत नाही. नाथांनी आपल्या काळातली श्रीमंतांची लग्ने पाहिली होती आणि देवाच्या लग्नात कमी काही पडू नये म्हणून ती सारी शोभा द्वारकेला नेली, हे उघड आहे. गोडे यांनीही त्यातून द्वापराचा नव्हे, सोळाव्या शतकाचा पुरावा काढला. मग शुक्राचार्यांच्या नावावरच्या ग्रंथाला निराळी कसोटी का लावायची?

मुंबईत रे रोडजवळ, जिथे जुनी जहाजे तोडतात, त्या भागाला आजही दारूखाना म्हणतात आणि माझगावात गनपावडर रोड आहे. बाहेरगावचा माणूस पहिले नाव ऐकून हसतो, तसाच, जसा गडावरचा तरुण हसला होता. श्रीरंगपट्टणला टिपूच्या वेळची दारूकोठारे आहेत. तिथल्या कन्नड बोलणाऱ्यांनी त्यांना जे नाव दिले, त्यात एकही फारसी अक्षर नाही. ते त्यांना 'मद्दिन मने' म्हणतात. मद्दु म्हणजे औषध, मने म्हणजे घर.